मापवहीतल्या तीन अटी: अंगठ्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तीस-बत्तीस वर्षे ब्लाऊज शिवणाऱ्या एका बाईंचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून घरातले आणि दुकानातले काही तपशील बदलले आहेत. गिऱ्हाइकांपासून मदतनीस मुलीपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही इथे ताईच म्हणते. मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे आणि माझे बहुतेक काम हाताच्या पुनर्वसनाचे आहे. शस्त्रक्रिया करणे किंवा सुचवणे माझ्या अखत्यारीत येत नाही. पण शस्त्रक्रियेचा निर्णय होण्याआधी आणि झाल्यानंतर रुग्ण सर्वांत जास्त वेळ आमच्या खोलीत घालवतो, आणि त्यामुळे तो निर्णय कसा कसा घडत जातो हे जवळून दिसते.

सप्टेंबर २०२२ मध्ये ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे वय ६१ होते. मधुमेह नव्हता, थोडा रक्तदाब होता. घरी निवृत्त यजमान, धाकटा मुलगा आणि सून. थोरला मुलगा पुण्यात. दुकानात दोन मशीन आणि हाताखाली एक मुलगी. हाती शस्त्रक्रियेची चिठ्ठी होती, तीवर दिवाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख होती, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांनी आमच्याकडून फक्त शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे मागवली होती.

अडचण

दुखणे २०२१ च्या दिवाळीच्या गर्दीत सुरू झाले. आधी बरणीचे झाकण उघडताना कळ येई, मग कुलपात किल्ली फिरवताना, मग सांडशीने भाताचे पातेले उतरवताना. पुढेपुढे कापड बेतताना कात्री दर दोन-चार मिनिटांनी खाली ठेवावी लागू लागली. पहिल्या आठ-नऊ महिन्यांत या दुखण्याला तीन नावे मिळाली: आधी नस आखडली, मग मनगट मुरगळले, आणि शेवटी अंगठ्याच्या स्नायुरज्जूंच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाची सूज, म्हणजे डी क्वेर्वेनचा आजार. तिसरे नाव अगदीच चुकीच्या दिशेचे नव्हते, कारण दोन्ही दुखणी शेजारशेजारी असतात. डी क्वेर्वेनमध्ये अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवले की मनगटाच्या कडेवर कळ उठते. ताईंची कळ त्याहून खाली, अंगठ्याच्या अगदी मुळाशी होती, आणि तिथे हाड हलकेच दाबून फिरवले की बोटांना खरखर जाणवत होती. ही तपासणी करायला अर्धे मिनिट लागते. एक्स-रे ऑगस्ट २०२२ मध्ये निघाला आणि त्यात अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज स्पष्ट दिसली.

हा सांधा अंगठ्याचे पहिले लांब हाड आणि मनगटातले ट्रॅपेझियम नावाचे छोटे हाड यांच्यामध्ये असतो आणि त्याचा आकार एकमेकांवर आडव्या ठेवलेल्या दोन खोगिरांसारखा असतो. या आकारामुळेच अंगठा सगळीकडे फिरतो, आणि त्याच आकारामुळे सांध्याची स्थिरता बरीचशी अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यांवर, अवलंबून राहते. अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत एक किलोचा जोर दिला तर मुळाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे बारा पट दाब येतो, असे कुनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवले होते. दिवसभर चिमटीत कापड धरणाऱ्या बाईच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ईटन आणि लिटलर यांनी १९७३ मध्ये सुचवलेल्या चार पायऱ्यांच्या पद्धतीप्रमाणे ताईंचा उजवा अंगठा तिसऱ्या पायरीवर होता, म्हणजे सांध्यातली फट जवळजवळ नाहीशी झाली होती, कडेला हाड वाढले होते, पण ट्रॅपेझियमच्या पलीकडचा सांधा शाबूत होता. डावा अंगठा दुसऱ्या पायरीवर होता. काम करतानाची वेदना त्या दहापैकी आठ सांगत. किल्ली धरतो तशा पकडीचा जोर उजव्या हाताचा ३ किलो आणि डाव्याचा ४.५ किलो भरला. या वयाच्या स्त्रियांमध्ये तो साधारण ७ किलोच्या आसपास असतो. आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी नोंदवली आणि नंतर बराच काळ तिच्याकडे दुर्लक्ष केले: चिमूट धरताना अंगठ्याचा मधला सांधा सुमारे १५ अंश मागे कलत होता.

पहिल्या निर्णयाच्या वेळी समोर काय होते

थोरल्या मुलाचे म्हणणे सरळ होते: “आई, फोटोत दिसतंय ना, मग करून टाक, कशाला अंगावर काढतेस?” यजमानांना शस्त्र लागले की हात कायमचा गेला असे वाटत होते. ताईंचा प्रश्न या दोघांहून वेगळा होता. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि त्यांच्या वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा त्या महिन्यांत येतो. दिवाळीनंतर हात प्लास्टरमध्ये गेला तर तो हंगाम बुडणार होता.

मुलाच्या म्हणण्यात एक गृहीतक होते आणि ते अनेक रुग्णांच्या, क्वचित डॉक्टरांच्याही मनात असते: फोटोत झीज जितकी जास्त, तितकी शस्त्रक्रियेची गरज जास्त. तसे नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या १४३ स्त्रियांच्या हातांचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात फक्त याच सांध्यात झीज दिसलेल्या स्त्रियांपैकी अंगठ्याच्या मुळाशी दुखण्याची तक्रार करणाऱ्या चौथ्या हिश्श्याहून थोड्याच अधिक होत्या. मी ताईंना दुसरा एक अभ्यासही सांगितला, कारण तो त्यांच्याच परिस्थितीतला होता. स्वीडनमध्ये शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवरच्या ३३ रुग्णांना सात महिने स्प्लिंट (सांधा स्थिर धरणारा आधार), साधने आणि काम करण्याच्या पद्धतीत बदल असे उपचार दिले, आणि त्यानंतर त्यांतल्या २३ जणांना शस्त्रक्रिया नको वाटली. पुढच्या सात वर्षांत त्यांच्यापैकी आणखी दोघांनीच ती करून घेतली. यादी थोडक्या लोकांची आहे आणि तुलनेचा गट नीट नाही, तरी तारीख हाती असलेल्या माणसाला थांबून विचार करायला ती पुरेशी आहे.

मग ताईंनी आजवर काय करून पाहिले होते याची यादी आम्ही केली. दुखण्यावरच्या गोळ्या, मलम, आणि औषधाच्या दुकानातून आणलेला एक लांबलचक पट्टा, जो मनगटासकट अर्धा हात बांधून टाकत असल्याने पहिल्याच दिवशी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये गेला होता. म्हणजे कागदावर “स्प्लिंटने उपयोग झाला नाही” असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात स्प्लिंट वापरलाच गेला नव्हता. तारीख पुढे ढकलण्याच्या बाजूने माझ्या मते हे एकच कारण पुरेसे होते.

त्यांच्या शल्यविशारदांशी मी फोनवर बोलले. तीन महिने थांबल्याने सांध्याचे काही बिघडणार नाही आणि नंतरची शस्त्रक्रिया अवघडही होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तारीख रद्द न करता पुढे नेली.

केलेले उपचार

तळव्यापुरता छोटा स्प्लिंट बनवला. गरम पाण्यात टाकला की मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याचा तुकडा कापायचा, हातावर बसवायचा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायचा, एवढेच ते काम असते. पण मनगट मोकळे राहिले, बोटे मोकळी राहिली आणि अंगठ्याचे मूळ तेवढे स्थिर झाले. ताईंनी स्वतः त्याच्या कडा बोटाने तपासून “इथं टोचतंय, इथं अजून घ्या” असे सांगितले आणि त्यांचे बरोबर होते. बेतणे हा त्यांचाच विषय.

व्यायाम दोन प्रकारचे होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली आखडलेली जागा मोकळी करणे हा एक, आणि तर्जनी रबरबँडच्या ताणाविरुद्ध बाजूला ढकलून त्या जागेतला स्नायू बळकट करणे हा दुसरा. सोबत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे जेल होते.

या सगळ्यानंतरही पाचव्या आठवड्यात फरक जेमतेम होता, आणि मग चौथ्या भेटीत मी त्यांना कात्री घेऊन यायला सांगितले. हे पहिल्या भेटीतच सांगायला हवे होते. ती जुनी लोखंडी कात्री स्वयंपाकाच्या काट्यावर ४२० ग्रॅम भरली. अंगठ्याचे कडे चिंध्या गुंडाळून गुंडाळून इतके अरुंद झाले होते की अंगठा सरळ आत जात नसे. तो तिरका घालून, मुळाशी पिळून त्या कात्री उघडत होत्या. म्हणजे दर वेळी पाते उघडताना सांध्याला नेमका तोच ताण मिळत होता जो स्प्लिंटने टाळायचा होता. हलकी, स्प्रिंगने आपोआप उघडणारी कात्री आणली. अस्तराचे बेतणे मदतनीस मुलीकडे गेले. मशीनवर कापड चिमटीत ओढण्याऐवजी तळवा सपाट ठेवून सरकवण्याची सवय लागायला तीन आठवडे गेले. घरात सांडशीच्या जागी दोन्ही हातांनी धरायचे जाड फडके आले.

डिसेंबर २०२२ अखेर वेदना आठवरून चारवर आली. पकडीचा जोर ३.४ किलो झाला, जी वाढ मोजण्यातल्या फरकाइतकीच आहे. ताईंनी शस्त्रक्रिया नको असे कळवले.

त्याच भेटीत आम्ही एक गोष्ट केली जी पुढे फार उपयोगी पडली. बरे वाटत असताना, डोके शांत असताना, कोणत्या परिस्थितीत शस्त्रक्रिया करून घ्यायची हे ठरवून ठेवावे असे मी सुचवले. गिऱ्हाइकांच्या छाती-कंबर-बाहीच्या मापांच्या वहीतल्या शेवटच्या पानावर ताईंनी स्वतःच्या अक्षरात तीन अटी लिहिल्या. स्प्लिंट लावूनही आठवड्यातून तीन रात्री दुखण्याने जाग येऊ लागली तर. इंजेक्शन घेतले आणि त्याचा गुण महिनाभरही टिकला नाही तर. हूक आणि काज हाताने करता येईनासे झाले तर. तिन्ही अटी त्यांच्या रोजच्या जगण्यातल्या होत्या. एक्स-रेचा त्यांत उल्लेख नव्हता.

दुसरा निर्णय

२०२३ साल बरे गेले. एप्रिलमध्ये स्टेरॉइडचे एक इंजेक्शन घेतले, त्याचा गुण दहा आठवडे टिकला. नोव्हेंबरमध्ये दुसरे घेतले, त्याचा गुण तीन आठवडेही टिकला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताई वही घेऊनच आल्या. रात्रीची जाग सुरू झाली होती, इंजेक्शनची अट पुरी झाली होती. तिसरी मात्र नव्हती, त्या अजून हूक-काज करत होत्या असे त्या म्हणाल्या. थोडे खोदून विचारल्यावर कळले की वर्षभर ते काम मदतनीस मुलगीच करत होती. अट पुरी झाली नव्हती कारण तिची परीक्षाच थांबली होती. अशा यादीचा हा दोष मला तेव्हा कळला: काम हळूहळू दुसऱ्याकडे सरकत जाते आणि माणसाला वाटते की आपले अजून चालले आहे.

तिसऱ्या इंजेक्शनचा पर्याय आम्ही बाजूला ठेवला. दुसऱ्याचाच गुण टिकला नव्हता, आणि इंजेक्शननंतर पहिल्या तीनेक महिन्यांत शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे ते घेतले असते तर शस्त्रक्रियाही लांबली असती. ताई पुण्यात हाताच्या शस्त्रक्रियाच करणाऱ्या दुसऱ्या शल्यविशारदांकडे गेल्या आणि त्यांनी त्यांच्यासमोर तीन मार्ग ठेवले.

पहिला मार्ग सांधा जोडून टाकण्याचा. दोन हाडे एकजीव केली की दुखणे थांबते आणि पकड मजबूत राहते, म्हणून तरुण आणि जड काम करणाऱ्या माणसाला हा मार्ग सुचवला जातो. पण त्यानंतर तळवा मेजावर पूर्ण सपाट टेकवता येत नाही, आणि ताईंनी गेल्या दीड वर्षात जी पद्धत शिकून घेतली होती ती सपाट तळव्याचीच होती. हा मार्ग त्यांनी स्वतःच दोन मिनिटांत नाकारला.

दुसरा मार्ग कृत्रिम सांध्याचा. फ्रान्समध्ये तो बराच रूढ आहे आणि तिथल्या नव्या रचनांचे दीर्घकालीन निकाल चांगले आहेत. बरे होणेही लवकर होते. मात्र तो खर्चिक आहे, निखळण्याची किंवा ढिला होण्याची शक्यता उरते, आणि त्या शल्यविशारदांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्यांनी स्वतः असे सांधे मोजकेच बसवले आहेत. असे मोकळेपणाने सांगणारे डॉक्टर भेटणे हे रुग्णाचे भाग्य म्हणायचे.

तिसरा मार्ग ट्रॅपेझियम हाडच काढून टाकण्याचा. ही शस्त्रक्रिया जर्व्हिस यांनी १९४९ मध्ये मांडली. हाड काढल्यावर अंगठा त्या रिकाम्या जागेत खचेल या भीतीने नंतर तिथे मनगटाच्या स्नायुरज्जूचा तुकडा गुंडाळून भरण्याची आणि अंगठा टांगून धरण्याची पद्धत आली. बर्टन आणि पेलेग्रिनी यांची १९८६ ची पद्धत त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. पण इंग्लंडमध्ये १८३ अंगठ्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नुसते हाड काढणे आणि हाड काढून स्नायुरज्जू भरणे यांत वर्षभरानंतर वेदनेत किंवा जोरात फरक आढळला नाही. स्नायुरज्जू घेतला की व्रण वाढतो आणि गुंतागुंतही. ताईंनी नुसते हाड काढणे निवडले.

वेळ मात्र त्यांनी पंचांगाकडे पाहून निवडली: जुलै २०२४, आषाढ. लग्ने थांबलेली, गणपतीच्या कामाला अवकाश, आणि सुनेला शाळेच्या कामातून थोडी सवड. दीड वर्षापूर्वी घाईत मिळालेल्या तारखेपेक्षा ही तारीख कितीतरी शहाणी होती.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे महिने

हात बधिर करून शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी घरी सोडले, चार आठवडे प्लास्टर राहिले. प्लास्टर काढल्यावर अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या आणि जळजळ सुरू झाली. व्रणाच्या शेजारून जाणारी त्वचेची नस दुखावली की असे होते आणि ही या शस्त्रक्रियेची ओळखीची गुंतागुंत आहे. त्यावर त्वचेला हळूहळू स्पर्शाची सवय लावणे हा उपाय असतो. एरवी आम्ही कापूस, टॉवेल, ब्रश वापरतो. ताईंनी दुकानातल्या चिंध्या आणल्या: आधी रेशीम, मग खण, मग इरकल, शेवटी जरीचा काठ. दिवसातून चार वेळा, पाच पाच मिनिटे. जरीचा काठ सहन व्हायला नऊ आठवडे लागले.

सातवा-आठवा आठवडा फार वाईट गेला. दुखणे शस्त्रक्रियेपूर्वीइतकेच होते, जोर १.५ किलोवर उतरला होता, आणि “मॅडम, चालता हात मोडून घेतला मी” असे त्या मला म्हणाल्या. जोर आधी उतरतो आणि मग महिनोन्महिने चढतो हे त्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सांगितले होते, पण तोंडी आणि एकदाच.

ऑक्टोबरच्या मध्याला त्या मशीनवर बसल्या, रोज एक तास. डिसेंबरमध्ये हूक-काज सुरू केले. त्या वर्षीच्या लग्नसराईत त्यांनी नेहमीच्या निम्मी कामे घेतली.

परिणाम

जुलै २०२५ मध्ये, वर्षपूर्तीला, काम करताना वेदना दहापैकी एक, रात्रीची जाग पूर्ण थांबलेली, पकडीचा जोर ४.३ किलो. म्हणजे दुखणे जवळजवळ गेले आणि जोर वाढला, पण या वयाच्या निरोगी हातापर्यंत तो पोचलेला नाही आणि आता फारसा वाढेल असे मला वाटत नाही. अंगठ्याच्या पाठीवर रुपयाएवढा बधिर डाग राहिला आहे. जुनी लोखंडी कात्री त्यांनी एकदा हट्टाने वापरून पाहिली आणि परत टांगून ठेवली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक मधल्या सांध्याची. २०२२ मध्ये १५ अंश असलेला मागचा कल शस्त्रक्रियेच्या वेळी ३० अंशांच्या जवळ गेला होता. मुळाचा सांधा आखडत गेला की मधला सांधा मागे वळून त्याची भरपाई करतो. इतका कल असेल तर त्याच वेळी मधल्या सांध्याची पुढची बाजूही घट्ट करावी, असे अनेक शल्यविशारद मानतात. ताईंना शस्त्रक्रिया जितकी लहान तितकी हवी होती आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. आज चिमूट धरताना तो सांधा अजून मागे कलतो आणि जोर कमी राहण्यामागे हे एक कारण आहे असा माझा अंदाज आहे. मी दर भेटीत तो कोन मोजला, पण वाढतो आहे हे शल्यविशारदांना वेगळे लिहून कळवले नाही.

कात्री पहिल्या भेटीत पाहिली असती तर पाच आठवडे वाचले असते. तिसरी अट “हूक-काज करता येईनासे झाले तर” अशी न लिहिता “दर रविवारी स्वतः दहा हूक लावून पाहायचे” अशी लिहिली असती तर ती चाचणी ठरली असती. आणि सातव्या आठवड्यात काय वाटेल हे शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर, सुनेसमोर लिहून द्यायला हवे होते. आता आम्ही ते देतो.

२०२२ मध्येच शस्त्रक्रिया केली असती तर बरे झाले असते का, हा प्रश्न पुण्याच्या मुलाने मला विचारला. कदाचित निकाल हाच आला असता. पण तेव्हा स्प्लिंट न वापरताच नाकारला गेला होता, हंगाम बुडाला असता, आणि जुन्याच कात्रीने काम पुन्हा सुरू झाले असते.

डावा अंगठा आता तिसऱ्या पायरीवर आहे. वेदना तीन. त्याचा स्प्लिंट मार्चमध्ये नवा करून दिला, आणि मापवहीच्या शेवटच्या पानावर ताईंनी जुन्या तीन अटींखाली रेघ मारून “डावा” असे लिहिले आहे. रविवारच्या दहा हुकांची नोंद त्याखाली आहे.